अडलं की ड

टक्केसरांना टक्केसर हे नाव कोणी ठेवलं यावरून आमच्या गल्लीत अजून दोन तट आहेत. न्हावी म्हणतो, मी ठेवलं. कारण दाढी झाली की सर आरशात बघून गालावरून हात फिरवायचे आणि वस्तऱ्याला मार्क द्यायचे, ऐंशी टक्के, हनुवटीखाली कमी पडलास. सरांच्या बायकोचं म्हणणं, न्हावी झोपेतून उठायच्या आधीच ते नाव तिने ठेवलं होतं. लग्न होऊन नुकतीच आली होती, चहा केला, नवऱ्याने घोट घेतला, डोळे मिटले आणि 'साठ टक्के' म्हणाला. दुसऱ्या दिवशी तिने त्याच्यापुढे रिकामा कप ठेवला. हे काय, म्हणून विचारलं तर म्हणाली, "आज शून्यापासून सुरुवात करते. तुम्ही वाढवत न्या." खरंखोटं तिलाच ठाऊक, पण बोलायच्या बाबतीत या बाईला कोणाचं उसनं घ्यावं लागत नाही, म्हणून मी तिच्या तटात.

माणूस तसा वाईट नव्हता, असं अशा लोकांबद्दल म्हणायची पद्धत आहे. ती मी पाळणार नाही. वाईट व्हायलाही अंगात काहीतरी लागतं. टक्केसरांच्या अंगात फक्त इस्त्रीचा शर्ट होता. लहानपणी ते गणिताचं पुस्तक शेवटून उघडायचे, कारण उत्तरं शेवटी असतात. आधी उत्तर उतरवून घ्यायचं आणि मग वरच्या गणिताला कान धरून तिथपर्यंत ओढत आणायचं. ही विद्या त्यांना जन्मभर पुरली. बापाने त्यांना दोन ठिकाणी चिकटवून पाहिलं, दोन्हीकडून सुटून आले; तिसऱ्या ठिकाणी चिकटले ती शाळा.

शाळा म्हणजे धान्याच्या जुन्या गोदामाच्या दोन खोल्या आणि पुढे पत्र्याची पडवी. खोल्यांच्या मधे भिंत नव्हती, पाठीला पाठ लावून उभी केलेली कपाटं होती. त्यामुळे इकडचा भूगोल तिकडे फुकटात ऐकू जाई आणि तिकडच्या पाढ्यांच्या तालावर इकडच्या नद्या वाहत. शिकवणारी माणसं तीन. टक्के, गणिताचे एक वयस्क सर आणि वाचनाच्या बाई. जुने हेडमास्तर निवृत्त झाले तेव्हा खुर्ची रिकामी झाली आणि तिच्या सगळ्यात जवळ टक्के उभे होते. दुसरे उमेदवार गणिताचे सर. ते त्या वेळी पेंगत होते आणि तेवढ्यासाठी त्यांना उठवणं कोणाला बरं वाटलं नाही. अशा रीतीने टक्केसर हेडसर झाले.

इथवर सगळं ठीक होतं. आपल्यात अशी माणसं खुर्च्यांवर बसतात, म्हातारी होतात, निवृत्त होतात, आणि त्यांच्या निरोपसमारंभात लोक घड्याळं बघतात. टक्केसरांचंही तसंच झालं असतं. पण त्यांना साडू होता.

दोघी बहिणी एकाच घरच्या. थोरलीला बघायला आले ते मोठे साडू, धाकटीला बघायला आले ते टक्के. दोघेही मास्तर. सासऱ्यांना वाटलं, बरं आहे, दोन्ही जावयांना एकच भेटवस्तू चालेल. मोठे साडू पुढे हमरस्त्यापलीकडच्या मोठ्या शाळेचे हेडमास्तर झाले. त्या शाळेला दोन मजले, फाटक, फाटकावर माणूस, आणि विजेवर वाजणारी घंटा. जेवायला एकत्र बसले की मोठे साडू भाकरीचा तुकडा मोडता मोडता अगदी मायेने विचारत, "काय म्हणतंय आमचं पिल्लू?" पिल्लू म्हणजे छोटी शाळा. टक्केसरांचा घास तिथेच थांबे. बायको पाण्याचा पेला पुढे सरकवे आणि बहिणीला म्हणे, काही नाही, यांना तिखट लागलं.

आणि अशात वरून मोठी चाचणी आली.

वरून म्हणजे नक्की कुठून हे कोणाला सांगता येत नाही. साहेब म्हणतात आमच्यावरून, त्यांचे साहेब म्हणतात त्यांच्यावरून. चाचणी सगळ्या शाळांना एकच. प्रश्नाखाली अ, ब, क, ड असे चार पर्याय, उत्तर लिहायचं नाही, फक्त गोल काळा करायचा. तो गोल मशीन वाचतं. मुलाने गोल काळा करायचा, मशीनने तो वाचायचा आणि दोघांच्या मधे मास्तरने घाम पुसायचा, अशी ही शिक्षणाची नवी रचना. निकालावरून शाळांना रंग. हिरवी चांगली, पिवळी बरी, लाल म्हणजे संपलं. एकदा लाल झाली तर ताकीद, लागोपाठ दुसऱ्यांदा झाली तर ती शाळा जवळच्या मोठ्या शाळेत विलीन.

शब्द बघा कसा निवडलाय. माणूस गेला की आपण अनंतात विलीन झाला म्हणतो. टक्केसरांची शाळा साडूत विलीन होणार होती. कारण जवळची मोठी शाळा ती एकच, आणि पिल्लू आदल्या वर्षी लाल झालंच होतं.

विलीन झाल्यावर मुलांचं काय होणार, याची टक्केसरांना चिंता नव्हती. लहान पोरांना भरधाव गाड्यांचा हमरस्ता ओलांडावा लागणार होता, निम्म्या पोरींना आया घरी बसवणार होत्या. हे सगळं वाचनाच्या बाईंनी त्यांना एकदा पडवीत उभं करून सांगितलं होतं. सरांनी मान हलवली. त्यांच्या डोळ्यांपुढे वेगळंच चित्र होतं. साडूचं टेबल, टेबलावर हजेरीपट, हेडमास्तरांच्या सहीखाली शिक्षकांच्या सह्या, आणि त्यांतली एक आपली. सकाळी सही करायची आणि साडूने चष्म्यावरून घड्याळाकडे बघायचं. आयुष्यात त्यांनी कधी कशाची कल्पना केली नव्हती. हे एवढं एकच त्यांना रंगीत दिसलं.

मग माणूस पेटला. बाईंचं पुस्तकांचं कपाट बंद झालं. चित्रकला बंद, खेळ बंद, गाणी बंद. एका कार्ट्याने विचारलं की सर, शाळाच का नाही बंद करत, तर त्याला पडवीत उभं केलं. सकाळपासून मुलं गोल काळे करत बसत. जुन्या कागदांवर गोल काढलेले असत, त्यात पेन्सिल फिरवायची, रेघेबाहेर जायचं नाही, आत पांढरं राहू द्यायचं नाही. मुलं इतकी तयार झाली की शिंप्याच्या पोरीने बापाच्या दुकानात गिऱ्हाइकाच्या शर्टाची पांढरी बटणं एकामागून एक काळी केली. शिंपी सरांकडे शर्ट घेऊन भांडायला आला. सरांनी बटणं उजेडात धरून पाहिली आणि म्हणाले, रेघेबाहेर कुठे गेलेली नाही.

गोल तर झाले. पण कुठला काळा करायचा? इथे सरांची बालपणची विद्या जागी झाली. जुने पेपर घेऊन ते उत्तरांच्या बाजूने बसले. रविवारचा दिवस गेला, बायकोने दोनदा जेवायला हाका मारल्या, आणि तिन्हीसांजेला ते स्वयंपाकघरात येऊन म्हणाले की शोध लागला. बरोबर उत्तर जास्त करून 'ड' असतं. का असतं, याचंही त्यांच्याकडे उत्तर होतं: पेपर काढणारा माणूस खोटी उत्तरं आधी उरकून घेतो आणि खरं शेवटी सांगतो, जशी बायका शेजारणीची बातमी सांगतात. बायको म्हणाली, आम्ही खरं आधी सांगतो, खोटं मागून जोडतो. पण शोध लागलेल्या माणसाला ऐकू कमी येतं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या रांगेत मंत्र दिला गेला. मुलांना उत्तर येत नसेल, तर विचार करत बसायचं नाही. अडलं, की ड.

"काय?"

"अडलं की ड," मुलं ओरडली.

रोज सकाळी ओरडू लागली. कपाटापलीकडून, पडवीतून, नळाशी पाणी पिताना. सरांना ते शब्द इतके आवडले की त्यांनी मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून पडवीत लावायला घेतले होते. शिपाई म्हणाला, साहेब आले तर वाचतील, तेव्हा कुठे उतरवले. शिपाई कमी शिकलेला, त्यामुळे त्याला धोका पटकन दिसे.

आता इथे वाचनाच्या बाईंबद्दल सांगायला हवं. बाईंचा एक जुना खेळ होता. वर्ग उभा करायचा आणि पाळीपाळीने मोठ्याने वाचायचं. वाचता वाचता ज्याचं एखाद्या शब्दावर अडलं, त्याने खाली बसायचं. मग बाई त्या शब्दाचा अर्थ सांगणार. शेवटपर्यंत उभा राहील तो राजा. या खेळाचं नाव 'अडलं की बस'. मुलं त्यावर जीव टाकत. बाईंनी सगळं बंद केलं, पण हा खेळ गुपचूप चालू ठेवला होता. त्या शाळेत पहिलीपासूनच्या पोरांना 'अडलं' म्हणजे काय, हे विचारलं असतं तर सगळ्यांनी एकच सांगितलं असतं: वाचताना शब्दावर जीभ अडखळली, म्हणजे अडलं. टक्केसरांना हे माहीत असायचं कारण नाही. आपल्या शाळेत मुलं काय बोलतात हे ऐकायला हेडमास्तर थोडेच नेमतात.

चाचणीच्या आधी सरांनी आणखी एक काम केलं. जी मुलं फारच ढ, त्यांच्या घरी ते संध्याकाळी चक्कर मारून आले. सुताराच्या बायकोला म्हणाले, तुमच्या मुलाला जरा ताप दिसतो.

"नाही हो. आत्ताच झाडावरनं उतरला."

"येईल," सर म्हणाले. "चाचणीच्या दिवशी येतो मुलांना. घरी ठेवलेलं बरं."

सुताराच्या बायकोने हातातला केरसुणीचा झटका जरा जोरात दिला. म्हणाली, "त्यापेक्षा सर, त्या दिवशी तुम्हीच घरी राहा. शाळेचे टक्के वाढतील."

ही गोष्ट तिने त्याच संध्याकाळी सगळ्या गल्लीत सांगितली, आणि मी इथे सांगतो आहे.

चाचणीच्या दिवशी बाहेरच्या शाळेचे एक मास्तर पहारा द्यायला आले. आमचे तिघे बाहेर. टक्केसर खिडकीच्या फटीला डोळा लावून उभे. पेपर वाटले, मुलांनी वाचायला सुरुवात केली, आणि बघता बघता सगळ्या पेन्सिली भराभर चालू लागल्या. काळा, काळा, काळा. एक पोरगं डोकं खाजवेना, एक पोरगी छताकडे बघेना. पहाऱ्यावरच्या मास्तरांचं वर्तमानपत्र उघडून पुरतं वाचून व्हायच्या आत सगळा वर्ग हाताची घडी घालून बसला. मास्तरांनी विचारलं, झालं? वर्ग म्हणाला, झालं. टक्केसर शिपायाच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "बघितलीस तयारी?" वाचनाच्या बाई पायऱ्यांवर बसून राहिल्या.

निकालाऐवजी नोटीस आली. शाळेतल्या सगळ्या मुलांनी जवळजवळ सगळ्या प्रश्नांना एकच उत्तर काळं केलं होतं, आणि ते बहुतेक ठिकाणी चुकलं होतं. मशीनला एवढी एकी कधी दिसली नव्हती. त्याने शाळा वेगळी काढून ठेवली. सामूहिक कॉपीचा संशय, चौकशीसाठी अधिकारी येतील, मुख्याध्यापकांनी खुलासा तयार ठेवावा.

सरांच्या पायाखालची जमीन सरकली. कॉपी ठरली तर नोकरीच जाणार. कॉपी नाही ठरली तर निकाल लाल, म्हणजे साडू. नोटीस हातात धरून ते खाटेवर पडून राहिले. बायको म्हणाली, "एवढं काय त्यात. ताईच्या घरी आपण जेवतो ना? मग शाळेत सही केली तर काय बिघडलं?"

"जेवण वेगळं," सर म्हणाले.

"हो. जेवणाला मार्क देता येतात, सहीला नाही."

पण उत्तरं शेवटी असतात हा विश्वास ज्याचा गेला नाही, त्याला कोण बुडवणार. सर उठले आणि विलीनीकरणाचं जुनं परिपत्रक काढून शेवटून वाचायला लागले. आणि खरंच, तळाशी बारीक अक्षरांत होतं: ज्या शाळेतली झाडून सगळी मुलं 'अप्रगत' आढळतील, ती शाळा विलीन न करता 'विशेष लक्ष शाळा' म्हणून मुख्याध्यापकासह आहे तशी ठेवावी. अप्रगत म्हणजे ढ. ढ या शब्दाला सरकारी कपडे चढवले की तो अप्रगत होतो.

मुख्याध्यापकासह. सरांनी त्या शब्दावरून बोट फिरवलं. कॉपीबिपी काही नाही, मुलं इतकी ढ आहेत की बिचाऱ्यांनी न समजून एकच गोल काळा केला. सगळी ढ, एकूण एक ढ. नोकरीही राहते, खुर्चीही राहते, साडूही पलीकडे राहतो. आयुष्यभर शंभर टक्क्यांचं स्वप्न बघितलेल्या माणसाला शंभर टक्के मिळायची वेळ आली होती.

अधिकारी बाई येणार त्याच्या आदल्या दिवशी सरांनी मुलांना रांगेत उभं केलं. उद्या एक बाई येतील, काहीही विचारतील. काहीही विचारलं तरी एकच सांगायचं, येत नाही. मुलांना खरंच वाटेना. इतका सोपा गृहपाठ आजवर कोणी दिला नव्हता. वाचनाच्या बाई म्हणाल्या, सर, तुम्ही मुलांना काय शिकवताय? सर म्हणाले, नम्रता.

अधिकारी बाई आल्या त्या साध्या, पायात कॅनव्हासचे बूट, खांद्याला झोळी. सरांनी त्यांच्यासाठी आपली खुर्ची रिकामी केली. त्या मुलांच्या बाकावर बसल्या. सरांनी लगेच सुरुवात केली. घरची परिस्थिती, अडाणी पालक, पिढ्यान्‌पिढ्यांचं मागासलेपण. मुलं गुणी आहेत हो, पण डोक्यात काही शिरत नाही. शिंपी, सुतार, गवंडी, ज्यांची पोरं तिथे बसली होती त्या सगळ्यांना त्यांनी एकेक करून निकालात काढलं. पोरं ऐकत होती. बापाबद्दल असं काही पोरं विसरत नाहीत.

"पेपर तुम्हाला आलाच नाही का?" अधिकारी बाईंनी मुलांना विचारलं.

"येत नाही," वर्ग म्हणाला. पाठांतर चोख होतं. सरांनी छातीवर हात ठेवून खेद व्यक्त केला.

इथवर जमलं होतं. बाई उठल्याही असत्या. पण त्यांनी झोळीतून प्रश्नपत्रिका काढली आणि समोर बसलेल्या शिंप्याच्या पोरीच्या हातात दिली. काही सोडवू नकोस, म्हणाल्या, नुसता पहिला प्रश्न वाच.

वाचायला तर कोणी मना केलं नव्हतं. पोरगी उभी राहिली आणि खणखणीत आवाजात वाचू लागली. "आर्... आर्‌द... आर्..."

आणि टुपकन खाली बसली.

"का गं, बसलीस का?"

"अडलं," पोरगी म्हणाली.

बाईंनी कागद शेजारच्या मुलाला दिला. तो उभा राहिला, 'आर्' म्हणाला, बसला. पुढचा उठला, बसला. रांगेने सगळा वर्ग उठला आणि बसला, जणू कोणी पेटीचे सूर दाबत चाललंय. मधेच सुताराचा तो ताप न आलेला पोरगा पहिला शब्द कसाबसा ओलांडून पुढे गेला तेव्हा वर्ग श्वास धरून बघत राहिला, पण 'शुष्क'वर तोही गेला. वर्गाने हळहळून 'अरेरे' केलं. अधिकारी बाईंनी वाचनाच्या बाईंकडे पाहिलं. बाईंनी त्यांना खेळ सांगितला, अडलं की बस.

"आणि पेपरात?" अधिकारी बाईंनी मुलांना विचारलं. "पेपरात अडलं तेव्हा काय केलंत?"

त्यावर सगळी शाळा ओरडली. सवयच ती. कपाटापलीकडच्या वर्गानेही सूर मिळवला. अडलं की ड.

टक्केसर खोकले. अधिकारी बाईंनी कागद हातात घेऊन तो प्रश्न स्वतःच वाचला: 'आर्द्र वस्त्र शुष्क होताना त्यातील जलांशाचे कशात रूपांतर होते?' वाचून त्या जरा थांबल्या. पुढे शिपायाकडून कळलं की पेपर ज्या समितीने काढला तीत या बाई स्वतःच होत्या, आणि हे वाक्य समितीत सगळ्यांना फार आवडलं होतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, आणि म्हणाल्या, "ओला कपडा दोरीवर वाळतो, त्यातलं पाणी कुठे जातं?"

"तिला येत नाही," सर म्हणाले.

"वाफ होऊन उडून जातं," शिंप्याची पोरगी म्हणाली.

"अंदाजाने सांगते आहे. येत नाही तिला."

"येतं मला," पोरगी म्हणाली. "इस्त्री फिरवली की लवकर उडतं, वर गेलेलं दिसतं. आमच्याकडे रोज असतं."

"अगं, काल काय सांगितलं होतं? येत नाही तुला."

"येतं मला," ती पुन्हा म्हणाली, या वेळी रडवेली होऊन. "आणि बाबांना पण येतं. तुम्ही उगाच सांगता त्यांना काही येत नाही म्हणून."

मग कोण ऐकतो. अधिकारी बाई एकेक प्रश्न साध्या भाषेत विचारत गेल्या आणि पोरं बाकावर चढून उत्तरं द्यायला लागली. काही बरोबर, काही चूक, काही भलतीच. सर मधे उभे. माणूस शाळेत उभा राहून मुलांना गप्प करतो हे आपण रोज बघतो. पण पोराने बरोबर उत्तर दिलं की हेडमास्तरांच्या तोंडावर कळ आल्यासारखं दिसतं, हे त्या दिवशी पहिल्यांदा बघायला मिळालं. गणिताचे सरसुद्धा जागे झाले. पाढ्यांवरचा एक प्रश्न आला तेव्हा टक्केसर एका लहान पोराजवळ वाकून कुजबुजले, नको सांगूस. पोरगं मोठ्याने म्हणालं, "का नको?"

शेवटचा प्रयत्न म्हणून सर वळले आणि वाचनाच्या बाईंकडे बोट दाखवलं. हा सगळा घोटाळा त्यांच्या त्या खेळाने झाला, म्हणाले. वाचताना अडलं की थांबायचं, ही सवय त्यांनी लावली. माझं काय, मी फक्त मार्गदर्शन केलं.

"खेळ माझाच," वाचनाच्या बाई म्हणाल्या. "माझ्याकडे अडलं की मी अर्थ सांगते."

अधिकारी बाईंनी प्रश्नपत्रिका घडी करून झोळीत टाकली. मग टक्केसरांना म्हणाल्या, "मुलं अप्रगत नाहीत, सर. कॉपीही नाही. तुमच्या मुलांनी तुमचं ऐकलं, एवढाच त्यांचा गुन्हा."

फेरचाचणी झाली. त्यात एक सूट मिळाली, अडलेल्या शब्दाचा अर्थ विचारायची. समितीने ती सूट मोठ्या मनाने दिली. स्वतःचं मराठी साधं करण्यापेक्षा ते सोपं होतं. पोरांनी विचारून विचारून पहाऱ्यावरच्या मास्तरांना दमवलं. शाळा पिवळी आली. हिरवी नाही, लाल नाही. खाऊनपिऊन सुखी म्हणावं तशी. म्हणजे विलीनीकरण टळलं. वाचनाच्या बाईंना हेडमास्तरकीचा तात्पुरता भार दिला गेला आणि पुस्तकांचं कपाट उघडलं. गलेलठ्ठ झुरळं निघाली, पण पुस्तकं शाबूत होती.

टक्केसरांची मात्र बदली झाली. कुठे ते सांगायला नकोच. शाळा विलीन झाली नाही, एकटे सर झाले.

आता तुम्हाला वाटेल माणूस खचला असेल. आम्हालाही वाटलं होतं. बदलीच्या दिवशी सकाळी न्हावी, शिंपी आणि मी, असे काहीजण काही ना काही निमित्त काढून रस्त्यावर उभे होतो. सर खाली मान घालून गेले, हमरस्ता ओलांडताना दोनदा थांबले. सही झाली. मोठ्या साडूंनी म्हणे स्वतःच्या हाताने पेनाचं टोपण काढून दिलं. एवढा मोठेपणा करायला माणसाला किती वर्षं वाट बघावी लागली असेल, त्याचं कौतुक करावं तेवढं थोडं.

पण खचायलाही कणा लागतो. महिना उलटला नाही तोच सर न्हाव्याकडे ऐटीत आले आणि खुर्चीत बसता बसता म्हणाले, "आमची शाळा यंदाही हिरवी." न्हाव्याचा वस्तरा हवेतच राहिला. कोणाची? "आमची," सर म्हणाले. आमच्या हेडसरांची शिस्तच तशी. आमचे हेडसर असे, आमचे हेडसर तसे. आमच्या हेडसरांनी नुसतं बघितलं की वर्ग चिडीचूप. घंटा विजेवर वाजते, हेसुद्धा त्यांनी त्याला समजावून सांगितलं. ज्या सहीच्या भीतीने या माणसाने शाळेतल्या तमाम पोरांना आणि त्यांच्या बापांना ढ ठरवायला कमी केलं नाही, ती सही आता तो फाटक उघडायच्या आधी जाऊन करतो. साडूच्या टेबलावरची धूळ फाटकावरचा माणूस पुसायचा. ते काम सरांनी आपणहून मागून घेतलं आहे. धाकटे मास्तर त्यांच्यासमोर साडूबद्दल बोलत नाहीत, कारण बोललेलं दुपारच्या आत पोचतं. या बाबतीत शंभर टक्के.

परवा दोन्ही घरं पुन्हा एकत्र जेवली. पानं मांडली, सगळे बसले, मोठे साडू हात धुवायला गेले होते. टक्केसर पाटाजवळ उभेच. थोरली म्हणाली, बसा ना. हे नाही बसले, न्हाणीघराच्या दाराकडे बघत राहिले. शेवटी त्यांच्या बायकोने त्यांच्या पानात वाढलं आणि वर न बघता म्हणाली, "बसा हो. हेडसर वर्गात आल्यावर उभं राहायचं असतं, मोरीतून आल्यावर नाही."

तरी साडू येईपर्यंत ते बसले नाहीत.